किंग ऑलिव्हरच्या 1923 च्या तबकड्या: काय ऐकू येत नाही, का येत नाही, आणि काय ऐकायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलो. लुई आर्मस्ट्राँग आवडतो, म्हणून त्याची अगदी सुरुवातीची, किंग ऑलिव्हरच्या बँडमधली 1923 ची रेकॉर्डिंग्ज ऐकायला घेतली. निराशा झाली. सगळे एकदम वाजवतात, ड्रम ऐकूच येत नाही, आर्मस्ट्राँग कुठला ते कळत नाही. 'डिपर माउथ ब्लूज' तीन ठिकाणी ऐकलं, तर तिन्हीकडे पट्टी वेगळी. खरं कुठलं? आणि जाणकार याला इतकं का मानतात?"

जुन्या तबकड्या स्वच्छ करून त्यांचा आवाज डिजिटल करून देणं हे माझं गेल्या वीसेक वर्षांचं काम. बहुतेक माल आपल्याकडचाच, म्हणजे नाट्यपदं, ख्याल, कीर्तनं. पण या बँडच्या तबकड्यांचं वेड मला त्याहून जुनं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या तक्रारी एकमेकींत अडकल्या आहेत. काही गोष्टी तबकडीत मुळातच उतरल्या नाहीत. काही उतरल्या होत्या, पण तुम्ही ऐकलेल्या प्रतीत त्या बिघडल्या. आणि काही गोष्टींत काहीच बिघडलेलं नाही, फक्त आपल्या कानाला त्यांची सवय नाही. या तीन गोष्टी सुट्या केल्या की निम्मी निराशा जाते.

आधी तबकडीत काय उतरलं ते पाहू. जो ऑलिव्हर, म्हणजेच किंग ऑलिव्हर, हा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटसारखं, जरा आखूड पितळी वाद्य. तो शिकागोला आला आणि 1922 पासून त्याचा क्रिओल जॅझ बँड शहराच्या दक्षिण भागातल्या लिंकन गार्डन्स या नृत्यगृहात वाजवू लागला. त्याच ऑगस्टमध्ये त्याने एकवीस वर्षांच्या आर्मस्ट्राँगला न्यू ऑर्लिन्सहून बोलावून घेतलं, दुसरा कॉर्नेट म्हणून. 5 आणि 6 एप्रिल 1923 ला हे सात जण इंडियाना राज्यातल्या रिचमंड या लहान गावी गेले आणि जेनेट कंपनीसाठी नऊ बाजू (तबकडीच्या एका बाजूला एक गाणं) वाजवून आले. दोन कॉर्नेट, ट्रॉम्बोनवर ऑनरे ड्युट्रे, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, पियानोवर लिल हार्डिन, बँजोवर बिल जॉन्सन आणि ड्रमवर जॉनीचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स.

जेनेट हे स्टार पियानो कंपनीचं अपत्य. पियानोच्या कारखान्याच्या आवारात, रेल्वेच्या रुळांना लागून त्यांचा स्टुडिओ होता. गाडी आली की काम थांबवायचं. बड्या व्हिक्टर कंपनीने पेटंटचा दावा ठोकला होता आणि या लहान कंपनीने तो कोर्टात परतवला होता, म्हणून तर तिला बाजारातल्या नेहमीच्या यंत्रांवर वाजणारी तबकडी काढता येत होती. (याच कारखान्यात पैसे मोजणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवर्चस्ववादी संघटनेच्या तबकड्याही छापल्या जात. त्या काळचा इंडियाना हा क्लॅनचा बालेकिल्ला होता. या सात कृष्णवर्णीय वादकांनी कुठे जाऊन वाजवलं, हे माझ्या मनातून कधी जात नाही.)

स्टुडिओत माइक नाही, वीज नाही. 1925 च्या आधीची ही गोष्ट. भिंतीतून बाहेर आलेला एक कर्णा, त्याच्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई आणि खाली फिरणारी मेणाची जाड चकती. हवेतल्या कंपनाच्या जोरावरच सुई मेणात खाच कोरायची. मेण मऊ राहावं म्हणून खोली उबदार ठेवायची. या साधनाला मधला आवाज बरा पकडता येई. खर्ज निसटायचा, आणि अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उरत नसे. झांजेची किणकिण तर विसराच.

आता ड्रमचं कोडं सुटतं. मोठ्या ड्रमचा ठोका बसला तर सुई उडून खाच बिघडायची, म्हणून बेबी डॉड्सला बहुतेक वेळ लाकडी ठोकळ्यावर टकटक करत बसावं लागलं. लिंकन गार्डन्समध्ये नाचणाऱ्यांच्या पायाखाली जो ताल होता त्याची इथे फक्त खूण आहे. बिल जॉन्सन तर खरा डबल बास या मोठ्या, खर्जाच्या तंतुवाद्याचा वादक. तोही बँजोवर आहे. म्हणजे पायाचे दोन्ही दगड खोलीबाहेर ठेवून ही इमारत उभी केली आहे. इक्वलायझरने खर्ज कितीही वाढवलात तरी जे खाचेत नाही ते येणार नाही. फक्त घरघर वाढेल.

आणि आर्मस्ट्राँग? लिल हार्डिनने पुढे सांगितलं आहे की त्याचा आवाज इतका भरदार होता की ऑलिव्हर झाकला जायचा, म्हणून त्याला इतरांपासून बारा-पंधरा फूट मागे, कोपऱ्यात उभं केलं. तो तुम्हाला ऐकू येत नाही, कारण त्याला मुद्दाम दूर ठेवलं होतं. शिवाय त्याचं कामच दुसऱ्या कॉर्नेटचं होतं. म्हणजे इथे तुमच्या कानाची चूक नाही.

आपल्या तबकड्यांशी ताडून पाहा म्हणजे फरक चटकन लक्षात येईल. गौहर जानच्या 1902 च्या तबकड्या याच कर्ण्यावर झाल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1905 च्या सुमाराच्याही. पण तिथे एक गळा कर्ण्याच्या तोंडाशी असायचा आणि साथ मागे. एका गळ्यासाठी ते साधन पुरेसं होतं. तंबोरा गेला, तबल्याचा बायाँ गेला, तरी गाणं आपल्यापर्यंत पोहोचलं. इथे सात जण एकाच भोकातून आत शिरायचा प्रयत्न करताहेत आणि त्यातले चार एकाच वेळी आपापली चाल वाजवताहेत.

आता पट्टीचं. इथे 'खरी एकच' असं उत्तर नाही, पण खोटी बरीच ओळखता येतात. मिनिटाला 78 फेऱ्या हा आकडा नंतर पक्का झाला. 1923 ला मेणाची चकती वजन खाली सरकवून फिरवायचे, आणि फेऱ्या 76 पासून 80 च्या पुढेही जायच्या. 78 ची तबकडी 80 वर फिरवली तर सूर जवळजवळ पाव स्वराने चढतो. साडेब्याऐंशीवर नेली की पूर्ण एक पट्टी वर, म्हणजे पेटीवर पांढरी एकची काळी एक.

मग ठरवायचं कसं? मी वाद्यांना विचारतो. न्यू ऑर्लिन्सचे हे कॉर्नेट आणि क्लॅरिनेट काळी पाचचे, म्हणजे बी-फ्लॅटचे. या मंडळींच्या बोटांना काळी पाच, काळी दोन, पांढरी चार, काळी चार, पांढरी एक या पट्ट्या सोयीच्या. 'डिपर माउथ' पांढरी एकमध्ये आहे. तुमच्या तीन प्रतींपैकी एखादी पांढरी सातला लागत असेल तर ती हळू फिरवली आहे, काळी एकला लागत असेल तर जलद. घरच्या पेटीवर लावून पाहा, दोन मिनिटांत कळेल. मधल्या बारीक फरकावर मात्र मी हट्ट धरत नाही. त्या दिवशी स्टुडिओतला पियानो नेमका कितीवर लावलेला होता, हे तबकडी सांगत नाही. दोन जाणकारांच्या प्रतींत दहा-पंधरा सेंटचा (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक दिसला तर दोघेही प्रामाणिक असू शकतात.

दुसरी तक्रार, प्रत बिघडण्याची. जेनेटची ही गाणी आज आपल्याला मिळतात ती धातूच्या मूळ साच्यांवरून नव्हे, दुकानात विकल्या गेलेल्या आणि घरोघरी पोलादी सुईखाली झिजलेल्या तबकड्यांवरून. ऑक्टोबर 1923 च्या 'झुलूज बॉल'च्या तबकडीची तर जगात एकच प्रत ठाऊक आहे. तिचा प्रत्येक ओरखडा आता त्या गाण्याचा भाग झाला आहे.

याच बँडने जूनमध्ये शिकागोला ओके कंपनीसाठी 'डिपर माउथ' पुन्हा वाजवलं. त्याची एक प्रत अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी संग्राहकाने माझ्याकडे आणली होती. खाचा पार राखाडी झालेल्या. त्यांनी सोबत स्वतः केलेली डिजिटल फाइल आणली होती. तिच्यात कॉर्नेट कापडाखालून वाजल्यासारखा. मी आधी तबकडी धुतली. शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने. अल्कोहोल मुळीच नाही, कारण तबकडी लाखेची असते आणि लाख त्यात विरघळते. (ही लाखही बहुतांशी आपल्याच देशातून जगभर जायची.) मग सुया. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या लांब वाजणाऱ्या तबकडीची, सुई असते मिलच्या सात-दहांशापासून एकापर्यंत, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ती 78 च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन कचरा खरवडत बसते. इथे अडीच ते साडेतीन मिल लागतात. तीन मिलने लावली, तर ऑलिव्हरच्या जोरकस सुरांवर आवाज फाटत होता, कारण घरच्या फोनोग्राफच्या सुईनेही खाचेच्या भिंतीची तीच पातळी खाऊन टाकली होती. साडेतीनची लावली, ती भिंतीवर किंचित वर टेकली, जिथे कुणाची सुई पोहोचली नव्हती. आणि एकाएकी बँजो दिसला. 'दिसला' हाच शब्द मला योग्य वाटतो. तोवर जी नुसती खरखर वाटत होती, ती चार मात्रांची सरळ टिपणं होती.

त्या फाइलमधला खरा दोष मात्र वेगळाच होता. आजच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे सुईकडून आलेला क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात, एलपीसाठीचं इक्वलायझेशन असतं, जे खर्ज वाढवतं आणि तार कापतं. कर्ण्याच्या काळात असलं काही नव्हतं. त्यामुळे आधीच थोडी असलेली तार आणखी कापली जाते. त्यावर खरखर काढायचं सॉफ्टवेअर चालवलं की उरलंसुरलंही जातं. क्लॅरिनेटचा श्वास आणि तबकडीची खरखर एकाच पट्ट्यात राहतात, यंत्राला त्यांतला फरक कळत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही एक नाट्यपद असंच घासूनपुसून दिलं होतं. ती तबकडी ज्या आजोबांची होती, ते ऐकून म्हणाले, "आवाज स्वच्छ झाला, पण बुवांचा श्वास कुठे गेला?" तेव्हापासून खरखर थोडी राहू देतो. ऑनलाइन फाइल फार शांत वाटली तर संशय घ्या. खरखर ऐकू येणारी प्रत बहुधा जास्त काही सांगते.

म्हणजे ड्रम आणि खर्ज मुळातच नाहीत, पट्टी पेटीवर तपासता येते, आणि गुळगुळीत फाइल टाळायची. इथवर तांत्रिक बाजू झाली. तुमचा मोठा प्रश्न तिसरा आहे.

आपण ख्याल ऐकणारे लोक एका गळ्यामागे जातो. सारंगी, पेटी त्या गळ्याच्या सावलीत चालतात. इथे सावली कुणीच कुणाची नाही. ऑलिव्हर चाल धरतो, पण ती सोडून देतो, पुन्हा उचलतो. डॉड्सचा क्लॅरिनेट तिच्यावरून धावत असतो. ड्युट्रेचा ट्रॉम्बोन खालून दोन ओळींमधल्या जागा भरतो. आर्मस्ट्राँग ऑलिव्हरच्या बाजूने, बहुधा किंचित खालून, जोडून चालतो. बहुतेक वेळ कुणी 'एकल' वाजवतच नाही. एकट्याने पुढे येऊन लांब वाजवायचं ही पद्धत आर्मस्ट्राँगनेच पुढे, 1925 पासून हॉट फाइव्ह या स्वतःच्या बँडमध्ये रुजवली. तुम्ही त्याच्या नंतरच्या गाण्यांवरून इकडे आलात, म्हणून इकडेही त्यालाच शोधत राहिलात.

'डिपर माउथ ब्लूज' जेनेटवरचं घ्या आणि आवर्तनं मोजा. बारा बारचा ब्लूज, दर बारला चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. एक आवर्तन साधारण पंधरा सेकंदांत संपतं. चार बारचा उठाव झाला की पहिली दोन आवर्तनं सगळ्यांची. तिसरं-चौथं जॉनी डॉड्सच्या क्लॅरिनेटचं, बाकीचे फक्त ठोके देऊन थांबताहेत. पाचवं पुन्हा सगळ्यांचं, आणि इथे कान टवकारा: वरचा मोकळा, उघडा कॉर्नेट आर्मस्ट्राँगचा आहे. सहावं, सातवं, आठवं ऑलिव्हरचं. कॉर्नेटच्या तोंडावर म्यूट (आवाज दाबणारं झाकण) धरून, उघडझाप करत तो सुराला 'वा-वा' असं बोलायला लावतो. यात सूर फारच थोडे आहेत. तिसऱ्या सुराच्या आसपास, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत तो घुटमळत राहतो, आणि दर आवर्तनात तीच जागा थोडी वेगळी सांगतो. श्रुतींची सवय असलेल्या कानाला हे जड जाऊ नये. पुढच्या पिढीतल्या ट्रंपेटवाल्यांनी ही तीन आवर्तनं पाठ केली. आर्मस्ट्राँगने स्वतः 1925 ला फ्लेचर हेंडरसनच्या बँडबरोबर, 'शुगर फूट स्टॉम्प' या नावाने हेच गाणं मुद्रित करताना गुरूचाच हा तुकडा वाजवला.

आठव्या आवर्तनाच्या शेवटी सगळे थांबतात आणि एक माणूस ओरडतो: "ओ, प्ले दॅट थिंग!" तो बिल जॉन्सन. बेबी डॉड्सने सांगितलंय की त्या जागी त्याला स्वतःला काहीतरी वाजवायचं होतं, ते तो ऐनवेळी विसरला आणि जॉन्सनने ओरडून जागा भरली. ती इतकी बसली की जूनच्या ओके तबकडीत नवा बँजोवाला बड स्कॉट तीच हाळी देतो. मेणावर खोडरबर चालत नाही, चुकलं तर नवी चकती. त्या चुकीसकट त्यांनी ती बाजू ठेवली, हे मला फार आवडतं.

नुसता आर्मस्ट्राँगच हवा असेल तर 'चाइम्स ब्लूज' लावा. आधी लिल हार्डिन पियानोवर घंटांसारखे सूर टाकते, आणि त्यानंतर दोन आवर्तनं, चोवीस बार, आर्मस्ट्राँग पुढे येतो. तबकडीवर त्याने एकट्याने वाजवलेला हा पहिला तुकडा. रचना आधी बांधलेली आहे, फार उडी नाही. पण सुराचा घेर ऐका. कर्ण्यालाही तो घेर पुरता दाबता आलेला नाही.

लोक याला का मानतात, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या दोन कॉर्नेटांत आहे. गाणं चालू असताना मध्येच सगळे थांबतात आणि दोन बार दोघे कॉर्नेटवाले एकत्र, जोडसुरात, एकच वळण घेतात. लिंकन गार्डन्समध्ये ऐकायला येणाऱ्या वादकांना हे कोडं वाटायचं, कारण कागद समोर नसायचा. आर्मस्ट्राँगने पुढे सांगितलं की ऑलिव्हर त्या जागेच्या आधी, बाकीचे वाजवत असतानाच, आपण काय घेणार ते हलकेच सुचवायचा आणि तो त्यावर दुसरा सूर बसवायचा. आपल्याकडे तालमीत वर्षं घालवलेला शिष्य गुरूची तान अर्ध्यात ओळखून साथ धरतो, तशी ही जवळीक. आर्मस्ट्राँग त्याला आयुष्यभर 'पापा जो' म्हणायचा. 1924 ला तो न्यूयॉर्कला गेला. त्याआधीच पैशांवरून बँड फुटू लागला होता. ऑलिव्हरच्या हिरड्या बिघडल्या, वाजवणं सुटत गेलं, आणि 1938 ला सव्हाना शहरात तो हलाखीत गेला. 1923 चे हे काही महिने, सदतीसच्या आसपास बाजू, एवढंच या जोडीचं आपल्या हाती आहे.

कुठून ऐकायचं, ते तुम्ही किती खोल जाणार यावर आहे. एकदाच नीट ऐकायचं असेल तर डेव्हिड सेगर आणि डग बेन्सन यांनी 1923 च्या या तबकड्या एकत्र करून काढलेला 'ऑफ द रेकॉर्ड' हा संच घ्या. वेग आणि सुया या दोन्हींवर त्यांनी विचार केलेला कानाला कळतो. खर्च नको असेल तर 1923 ची ध्वनिमुद्रणं अमेरिकेत जानेवारी 2024 पासून सर्वांसाठी खुली झाली आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर एकाच बाजूच्या चार-चार प्रती सापडतात. त्यांतली जास्त खरखरणारी आधी ऐका. इअरफोनपेक्षा एकच स्पीकर समोर ठेवून, मोनोमध्ये. इअरफोनवर खरखर डोक्यात शिरते, स्पीकरवर ती खोलीत मागे राहते.

आणि एक काम करा. 'स्नेक रॅग' एप्रिलला जेनेटवर आहे आणि जूनला ओकेवर. दोन्ही सलग लावा, पहिल्यांदा फक्त क्लॅरिनेट ऐका, दुसऱ्यांदा फक्त ट्रॉम्बोन. तिसऱ्यांदा दोन कॉर्नेटांच्या त्या थांबलेल्या जागा. चौथ्यांदा काहीच न ठरवता. कोणत्या फेरीला काय ऐकू आलं ते कळवा, मग पुढच्या बाजू सुचवतो.